माशांच्या पाण्याचा हिशेब

पाणी नितळ दिसले की आपण त्याला स्वच्छ म्हणतो. घरात फिशटँक ठेवणारे तर हमखास म्हणतात. काचेतून पलीकडची भिंत दिसते, मासे फिरताहेत, खाताहेत, मग बिघडले काय? नायट्रेटला रंग नाही, वास नाही, चव नाही. ते पाण्यात साठत जाते आणि बाहेरून बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. मासे लगेच मरतही नाहीत. सुस्त होतात, रंग फिके पडतात, पिल्ले जगत नाहीत, आणि काच दर दोन दिवसांनी पुसली तरी पुन्हा हिरवी होते. दुकानदाराला विचारले तर तो म्हणतो, थंडीमुळे असेल, हे औषध टाका.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. विज्ञान माझा विषय नाही. पण घरात आठवीतला मुलगा आणि शाळेत विज्ञानाचे एक हौशी सर असतील, तर विज्ञान घरात शिरतेच. मुलाच्या मामूंनी हैदराबादहून येताना त्याच्यासाठी दोन फुटांची काचेची टाकी आणली. तिच्यात गप्पी आहेत, मोली आहेत, तळाशी फिरणारे दोन कॅटफिश आहेत. लांबी, रुंदी, उंची मोजून आणि खाली अंथरलेल्या खड्यांचा अंदाज वजा करून मुलाने वहीत लिहून ठेवले आहे : पाणी साधारण ५० लिटर. हा आकडा पुढे फार उपयोगी पडला.

दर जुम्याला तो पाव टाकी पाणी काढून ताजे भरत असे. नळीने तळातली घाण ओढून घ्यायची, रात्रभर बादलीत ठेवलेले पाणी हळूहळू ओतायचे. यात काही कमी नव्हते. तरी गप्पीची पिल्ले टिकत नव्हती. तेव्हा विज्ञानाच्या सरांनी सांगितले, अंदाज बांधत बसू नका, पाणी तपासा.

नायट्रेट तपासायचा थेंबांचा संच मत्स्यालयाच्या दुकानात मिळतो. कागदी पट्ट्याही मिळतात. त्या स्वस्त आणि सोप्या आहेत, पण माझा त्यांच्यावर भरवसा नाही. दमट हवेत डबी दोन वेळा उघडली की रंग भलतेच येतात. थेंबांच्या संचात दोन बाटल्या असतात. काचेच्या नळीत ५ मिलिलिटर पाणी घ्यायचे, आधी एका बाटलीतले थेंब, मग दुसरीतले. ही दुसरी बाटली वापरण्याआधी अर्धा मिनिट जोरात हलवावी लागते, कारण तिच्यातली पूड तळाशी बसते. बहुतेक जण इथे घाई करतात, आणि मग नायट्रेट आहे त्यापेक्षा कमी दिसते. नळी मिनिटभर हलवून पाच मिनिटे ठेवायची आणि रंग तक्त्याशी ताडून बघायचा. पिवळा म्हणजे जवळजवळ काही नाही, नारिंगी म्हणजे मध्यम, लाल म्हणजे खूप. आकडा एका लिटरमध्ये किती मिलिग्रॅम असा असतो. आणखी एक गोष्ट बघून घ्यावी. काही संचांवरचा आकडा संपूर्ण नायट्रेटचा असतो, काहींवर त्यातल्या फक्त नायट्रोजनचा. दुसऱ्या प्रकारचा असेल तर त्याला ४.४ ने गुणायचे. हे न बघता दोन माणसे एकमेकांशी वाद घालत बसतात आणि दोघांचेही बरोबर असते.

गोड्या पाण्याच्या टाकीत नायट्रेट २० च्या आसपास असावे, ४० च्या वर जाऊ नये, असा मासे पाळणाऱ्यांचा साधारण नियम आहे. आमच्या टाकीचा रंग ८० आणि १६० यांच्या मध्ये आला.

ते येते कुठून, हे सरांनी आमच्या ओट्यावर बसून चहा पिताना समजावले. माशाच्या खाद्यात प्रथिने असतात, प्रथिनांत नायट्रोजन असतो. मासा त्यातले काही अंगाला लावतो, बाकीचे अमोनियाच्या रूपात, मुख्यतः कल्ल्यांवाटे, पाण्यात सोडतो. न खाल्लेले दाणे आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच होतो. अमोनिया माशांना जहर आहे. पण फिल्टरच्या स्पंजवर, खड्यांवर, काचेवर जिवाणूंची वस्ती झालेली असते. ते अमोनियापासून नायट्राइट करतात, आणि नायट्राइटपासून नायट्रेट. पूर्वी समजत की या दोन पायऱ्या नेहमी वेगवेगळे जिवाणू करतात. २०१५ साली दोन्ही पायऱ्या एकटे करणारे जिवाणूही सापडले. नायट्राइटसुद्धा जहरच आहे. नायट्रेट त्या मानाने पुष्कळ सौम्य. म्हणजे फिल्टर नायट्रेट काढत नाही, तो ते तयार करतो. फिल्टर महागाचा घेतला म्हणून नायट्रेट कमी होईल, ही समजूत डोक्यातून काढून टाकावी. आणि तो स्पंज धुवायचा तर टाकीतून काढलेल्याच पाण्यात पिळावा. नळाच्या क्लोरीनच्या पाण्याखाली धरला तर त्यातले जिवाणू मरतात आणि टाकीत पुन्हा अमोनिया होतो.

खाद्याचा हिशेब मुलाने स्वतः मांडला. खाद्याच्या डब्यावर प्रथिने ४० टक्के लिहिलेली. प्रथिनांच्या वजनात साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो. म्हणजे १ ग्रॅम खाद्यात ६४ मिलिग्रॅम नायट्रोजन, आणि तो सगळा नायट्रेट झाला तर सुमारे २८३ मिलिग्रॅम नायट्रेट. ५० लिटरमध्ये वाटले की लिटरमागे साडेपाच-सहा. गल्लीच्या तोंडाशी सोनाराचे दुकान आहे. तिथल्या काट्यावर त्याने आठवड्याचे खाद्य तोलून आणले, दोन ग्रॅमच्या आसपास भरले. (सोनार काकांनी सोन्याच्या काट्यावर माशांचे दाणे तोलू दिले, हे त्यांचे मोठेपण.) काही भाग माशांच्या अंगी लागतो, तो सोडला तर आठवड्याला नायट्रेट सुमारे ८ ने वाढत असावे.

आता इथे अडले. आठवड्याला ८ वाढते आणि दर आठवड्याला पाव पाणी बदलले जाते, तर टाकी कुठे जाऊन थांबेल? सरांनी वहीवर लिहून दाखवले. काढलेल्या पाण्याबरोबर जितके जाते तितकेच आठवड्यात नव्याने तयार व्हायला लागले की आकडा स्थिर होतो. ८ म्हणजे पाव हिस्सा, तर पूर्ण ३२. म्हणजे भरायच्या पाण्यात नायट्रेट नसेल तर टाकी ३२ च्या वर जायलाच नको. आमची १०० च्या घरात होती. मधले ६०-७० आले कुठून?

सर म्हणाले, “भाभी, आप जो पानी डालते, वो देखे क्या?”

मुलाने बोअरच्या नळाखाली नळी धरली, थेंब टाकले. पाच मिनिटांत नळी लालसर नारिंगी झाली. ४० ते ८० च्या दरम्यान.

इथून पुढे गोष्ट माशांची राहिली नाही.

आमच्या अंगणातली बोअर १९९८ साली माझ्या सासऱ्यांनी मारली. त्या वर्षी मोहल्ल्यात पाण्यासाठी फार हाल होते. पाणी लागल्यावर त्यांनी भिंतीबाहेर एक नळ काढून दिला आणि तो सगळ्या गल्लीला खुला ठेवला. ते आता नाहीत. नळ आहे. मोटारीचे बिल आजही घरातून भरले जाते आणि ते माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना अम्मी म्हणतो, आपल्या हाताने काढून देतात. सदक़ा-ए-जारिया म्हणजे काय हे आमच्या मुलांना पुस्तकातून शिकवावे लागले नाही. नगरपालिकेचे धरणाचे पाणी पाच दिवसांनी येते, उन्हाळ्यात आठ दिवसांनी, तेही तासभर. त्यामुळे प्यायलाही बोअरच. आमच्या घरी, आणि गल्लीतल्या आणखी अकरा घरी.

आणि त्याच दिवसांत माझी धाकटी नणंद बाळंतपणाला माहेरी आलेली होती. बाळ दोन महिन्यांचे, मुलगी. अंगावरचे दूध पुरत नव्हते म्हणून डॉक्टरांनी वरचे पावडरचे दूध सुरू केलेले. पाणी बोअरचेच, पण वीस-वीस मिनिटे उकळून. घरात त्या पाण्याची कोण काळजी! वेगळे पातेले, वेगळे झाकण, उकळल्यावर कुणी बोट लावायचे नाही.

सरांनी दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मला बाजूला बसवून सांगितले ते असे. १९४५ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हंटर कॉम्ली नावाच्या डॉक्टरने एक शोधनिबंध लिहिला. शेतावरच्या विहिरीच्या पाण्यात दूध कालवून दिलेली तान्ही बाळे निळी पडली होती. त्या विहिरींत नायट्रेट खूप होते. तान्ह्या बाळाच्या पोटात नायट्रेटचे नायट्राइट होते, नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनला बिघडवते आणि ते प्राणवायू वाहून नेईनासे होते. ओठ, नखे निळसर दिसू लागतात. सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना हा धोका सर्वांत जास्त. माशांतही नायट्राइट वाढले की असेच होते, त्यांचे रक्त तपकिरी पडते, म्हणून मासे पाळणाऱ्यांना हा प्रकार ओळखीचा. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ५० आहे.

आणि उकळणे? उकळल्याने जंतू मरतात. नायट्रेट उडून जात नाही. वाफ होते ती पाण्याची, मीठ जसे तळाशी राहते तसे नायट्रेट पातेल्यातच राहते. लिटरभर पाणी उकळून आठशे मिलिलिटर उरले, तर त्या उरलेल्या पाण्यात ते सव्वापट दाट झाले.

त्या दिवशी शाळेतले शेवटचे दोन तास कसे काढले ते माझे मला माहीत.

घरी येऊन अम्मींना सांगायचे कसे, हा प्रश्न होता. नणंदेला सांगितले तर ती रडणार, यांना सांगितले तर ते थेट मोटारच बंद करणार. मी अम्मींनाच आधी सांगितले. त्या तांदूळ निवडत होत्या. ऐकून घेतले, हात थांबले नाहीत. मग म्हणाल्या, “इसी पानी पे मेरे पोते पले.” खोटे काहीच नव्हते त्यात. थोड्या वेळाने म्हणाल्या, “मछली की बोतल से आदमी का पानी देखते क्या?” हा प्रश्नही रास्त होता. दुकानातल्या संचाच्या रंगावरून अकरा घरांचे पिणे बंद करायचे नसते. त्यासाठी प्रयोगशाळा असते.

पण बाळाला प्रयोगशाळेच्या अहवालापर्यंत थांबवता येत नव्हते. म्हणून त्याच संध्याकाळी दोन गोष्टी केल्या. नगरपालिकेचे पाणी साठवलेल्या टाकीतले पाणी तपासले. रंग पिवळा, पाचच्या आसपास. बाळाचे दूध त्या पाण्यात, उकळून, सुरू झाले. दुसरे, बाळाला डॉक्टरांकडे नेले. त्यांनी ओठ, नखे, श्वास बघितला, ठीक आहे म्हणाले, पाणी बदलले ते उत्तम केले म्हणाले, आणि नणंदेला जितके जमेल तितके अंगावर पाजायला सांगितले. आईने असे पाणी प्यायले तरी तिच्या दुधात नायट्रेट फारसे उतरत नाही, हे त्यांच्याकडूनच कळले. नणंद रिक्षात बसल्यावर रडली ती रडलीच, पण बाळाला छातीशी धरून.

पाण्याचा नमुना यांनी जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी प्रयोगशाळेत नेऊन दिला. अहवाल दहा दिवसांनी आला. नायट्रेट : ६८.

मुलाने वही काढली. बोअरचे ६८, त्यात टाकीचे स्वतःचे ३२, बरोबर १००. त्याला हिशेब जुळल्याचा आनंद झाला आणि तो आनंद दाखवायची ही वेळ नाही हेही त्याला कळले. वही मिटून तो आत गेला.

जमिनीखाली हे कसे पोचले, याला फार शोध लावावा लागत नाही. १९९८ साली गल्लीत मोजकी घरे होती. आज घराला घर चिकटले आहे, गटार योजना नाही, प्रत्येक घराचा संडास खाली शोषखड्ड्यात. गल्लीमागे कापूस आणि सोयाबीन, वर्षानुवर्षे युरिया. पावसाच्या पाण्याबरोबर नायट्रेट सहज खाली उतरते, मातीचे कण त्याला धरून ठेवत नाहीत. केंद्रीय भूजल मंडळाच्या अहवालांत विदर्भ-मराठवाड्यातल्या अनेक जिल्ह्यांची नावे यासाठी येतात. दोष शेजाऱ्याचा नाही, सासऱ्यांच्या बोअरचा तर नाहीच. त्यांनी पाणी दिले तेव्हा ते चांगले होते, असे मी अम्मींना म्हणाले. त्या काही बोलल्या नाहीत.

माशांचे काय केले तेही सांगते, कारण विषय तिथूनच निघाला होता आणि मुलाची रोजची विचारणा तीच होती.

त्याला सगळे पाणी एकदम बदलायचे होते. सरांनी रोखले. महिनोन्‌महिने जास्त नायट्रेटमध्ये राहिलेले मासे त्याला सरावलेले असतात. एका दिवसात सगळे बदलले तर त्या धक्क्याने मरतात. शिवाय जुन्या टाकीचे पाणी हळूहळू आंबट झालेले असते. त्यात अमोनिया असला तर तो आंबट पाण्यात बराचसा निरुपद्रवी रूपात राहतो. एकदम ताजे पाणी ओतले की आम्लता उतरते आणि तोच अमोनिया जहरी होतो. लोक म्हणतात, “पाणी बदलले आणि मासे मेले,” त्यामागे बरेचदा हेच असते. तेव्हा एका वेळी पाव टाकीच, फक्त आता धरणाच्या पाण्याने. ते क्लोरीनचे असते म्हणून रात्रभर उघड्या बादलीत ठेवायचे, किंवा दुकानात मिळणारे हायपोचे खडे सांगितलेल्या मापाने टाकायचे.

आकडा कसा उतरतो याचा अंदाज आधीच बांधता येतो, हे मला फार आवडले. १०० पासून सुरुवात, दर आठवड्याला पाव पाणी बदल, भरायच्या पाण्यात ५, आठवड्याची वाढ ८. पहिल्या आठवड्याअखेर ८४, मग ७२, मग ६४, चौथ्याला ५७. उतरण मंदावत जाते आणि शेवटी ३७ ला थांबते. त्याखाली जायचे तर एक तर पाणी जास्त बदला, नाहीतर खाद्य कमी करा. आमच्याकडे धरणाचे पाणी मोजून वापरायचे, तेव्हा पहिला मार्ग बंद.

खाद्याचे प्रकरण नाजूक होते. मुलगा सकाळी घालायचा, धाकटी शाळेतून आली की ती घालायची, आणि दुपारी कुणी नसताना अम्मी. मासे काचेजवळ येऊन तोंड उघडझाप करतात, ते बघून कुणालाही वाटते की उपाशी आहेत. ते पोट भरलेले असतानाही तसेच करतात. मुलाने केशराची एक रिकामी डबी शोधली. शनिवारी तिच्यात आठवड्याचे एक ग्रॅम खाद्य तोलून ठेवायचे आणि मोठा डबा वरच्या फळीवर. कुणीही घालावे, पण डबीतलेच. आणि आठवड्यातून एक दिवस काहीच नाही. त्या दिवसाला धाकटी ‘माशांचा रोजा’ म्हणते. अम्मींना वाटायचे, जीव उपाशी ठेवणे बरे नाही. पण तगडे मासे एक दिवस सहज काढतात, हे त्यांनी पुढे स्वतः पाहिले. खाद्य निम्मे झाल्यावर वाढही निम्मी, आठवड्याला ४. मग टाकी थांबणार २१ वर.

त्याशिवाय मनीप्लांट. याच्याइतका स्वस्त उपाय मी दुसरा पाहिला नाही. अंगणातल्या वेलीची तीन डहाळी कापून, मुळे पाण्यात आणि पाने बाहेर, अशी टाकीच्या मागच्या कडेला अडकवली. मुळे नायट्रेट ओढतात, पाने बाहेर वाढतात. पाने बाहेर असल्याने त्यांना हवेतला कार्बन डायऑक्साइड भरपूर मिळतो, म्हणून त्यांची वाढ पाण्यातल्या झाडांपेक्षा जोरात होते. हायड्रिलासारख्या पाण्यातल्या भराभर वाढणाऱ्या वनस्पतीही चालतात; त्या तर अमोनियाच आधी खातात, म्हणजे नायट्रेट बनायच्या आत. पण वाढलेले कापून बाहेर टाकावे लागते. पान टाकीतच कुजले तर घेतलेले सगळे परत पाण्यात.

नायट्रेट शोषून घेणाऱ्या पुड्या आणि बाटल्या दुकानात भरपूर आहेत. काही खरोखर शोषतातही, पण भरल्या की बदलाव्या लागतात, आणि महिन्याचा तो खर्च बघता मी मुलाला सरळ नाही म्हटले. खोल वाळूचा थर देऊन तळाशी प्राणवायू नसलेला भाग करायचा, म्हणजे तिथले जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून टाकतात, हाही एक रस्ता आहे. तो जाणकारांसाठी. ज्या घरात धाकटी मुलगी टाकीत हात घालून खडे मोजते तिथे नको.

टाकीतून दर आठवड्याला निघणारे बारा-तेरा लिटर पाणी अम्मींना डोळ्यांत खुपायचे. इसराफ, म्हणायच्या. मुलाने ते मोगऱ्याला आणि कढीपत्त्याला घालायला सुरुवात केली. नायट्रेट म्हणजे झाडांचे खतच. मोगरा असा फुलला की अम्मींनी त्या पाण्यावर आपला हक्क सांगितला. आता बादली भरली की त्याच हाक मारतात, पुदिन्यालाही घाल म्हणून.

चार महिन्यांत टाकीचा रंग २० च्या नारिंगीवर आला. मोलीची अकरा पिल्ले जगली.

बोअरच्या नळाचा निर्णय मात्र असा थेंबाथेंबाने होणार नव्हता. नळ बंद करू नये यावर घरात एकमत होते. धुणे, भांडी, वुज़ू, अंगण, सगळ्यांना ते पाणी लागते आणि त्या कामांना नायट्रेटने काही होत नाही. पण गल्लीतल्या बायकांना सांगायचे होते. दोन घरांत तान्ही बाळे होती, एक सून गरोदर. अम्मी म्हणाल्या, मी सांगते. पांढरी ओढणी घेतली आणि एकेका घरी गेल्या. काय बोलल्या ते मला शेजारणीकडून कळले. “हमारे मरहूम का पानी है, इसलिए मैं ही बोलने आई,” असे म्हणाल्या म्हणे. आणि बाळांच्या घरी म्हणाल्या, उबालने से नहीं जाता, याद रखो.

मग पाटी लावायची ठरली. उर्दूत आणि मराठीत, म्हणजे काम माझे. आधी मी लिहिले : ‘हे पाणी पिण्यास अयोग्य आहे.’ सरकारी पाट्यांवर असते तसे. अम्मींना ते वाचून दाखवले आणि त्यांचा चेहरा बघून कागद घडी केला. सासऱ्यांनी दिलेल्या पाण्यावर ‘अयोग्य’ हा शब्द त्यांच्या भिंतीवर रोज दिसला असता. त्याच वेळी गोड शब्दांत असे काही लिहायचे नव्हते की कुणी तरी म्हणावे, थोडे चालत असेल. सर म्हणाले, मर्यादा मोठ्यांनाही लागू आहे, तेव्हा फक्त बाळांपुरते लिहू नका. तीन दिवस मी तो मजकूर घेऊन फिरले. शेवटी पाटीवर गेले ते असे : ‘हे पाणी वापरासाठी आहे, पिण्यासाठी नाही. तान्ह्या बाळाच्या दुधात आणि गरोदर बायांच्या पिण्यात मुळीच घेऊ नये. उकळून उपयोग होत नाही.’ उर्दूत वर, मराठीत खाली. अम्मींनी दोन्ही ऐकून मान हलवली आणि पेंटरला पैसे त्यांनीच दिले.

पाटी लागल्यावर आठवडाभर रोज कुणी ना कुणी बाटलीत पाणी घेऊन दारात. आमची बोअर बघ, आमच्या मामांच्या विहिरीचे बघ, आमच्या जारचे बघ. जारचे पाणी एका ठिकाणचे पिवळे निघाले, दुसऱ्या ठिकाणचे बोअरइतकेच लाल. आरओचे बहुतेक नायट्रेट काढतो. नुसता कँडलचा किंवा जंतू मारणारा अल्ट्राव्हायोलेटचा फिल्टर काढत नाही, आणि घेताना दुकानदार हा फरक आपणहून सांगत नाही. मुलाचा संच त्या आठवड्यातच संपला. नवीन आणायला पैसे त्याने माझ्याकडे मागितले नाहीत, दादीकडे मागितले.

पावसाळ्यानंतर बोअरचा दुसरा नमुना प्रयोगशाळेत दिला. ७४ आले. वरचे पाण्याबरोबर खाली उतरले असणार.

आता अम्मींच्या मनात त्या नळावर गल्लीसाठी एक लहान आरओ बसवायचे आहे. हैदराबादच्या मामूंनी काही रक्कम देऊ केली आहे, नणंदेच्या सासरहूनही निरोप आला आहे. सरांनी मात्र एक शंका काढून ठेवली. आरओमधून जे टाकाऊ पाणी निघते त्यात नायट्रेट अजून दाट असते. ते अंगणातल्या शोषखड्ड्यात सोडले तर फिरून त्याच बोअरमध्ये येणार. तेव्हा ते कुठे न्यायचे, यावर सध्या घरात नकाशे काढणे चालू आहे. मुलाचे म्हणणे, भिंतीकडेने लिंब आणि केळी लावू. अम्मी म्हणतात, केळी नको, फार पाणी पिते. मी म्हटले, अम्मी, आपल्याला पिणारेच झाड हवे आहे.